पाण्याचा काटा आपल्यासमोर हवा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऊस कारखान्यावर गेला की आपण पहिल्यांदा विचारतो, काटा कोणाचा? दूध डेअरीवर घातले की विचारतो, फॅट कोणी लावली? माल आपला, तेव्हा माप आपल्यासमोर झाले पाहिजे, ही साधी गोष्ट आपल्याला चळवळीने शिकवली. पण ज्या पाण्यावर आपण, आपली लेकरे आणि गोठ्यातली जनावरे जगतात, त्या पाण्याचा काटा आपण कधी मागितला नाही. अणुवीज केंद्राच्या आसपासच्या गावांत तरी तो मागायला हवा.

विजेशी आमचे वैर नाही. रात्री दोन वाजता विजेची वाट बघत मोटारीपाशी बसणाऱ्याला विजेचे मोल कोणी सांगायला नको. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. चौथी २००५ साली आणि तिसरी २००६ साली सुरू झाली. त्या जड पाण्यावर चालतात. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्या उभ्या करण्याचा बेत आहे. भट्टी हवी की नको, हा आजचा विषय नाही. भट्टी असो वा येऊ घातलेली असो, शेजारच्या विहिरीचे पाणी कोण मोजतो, काय मोजतो आणि आपल्याला काय सांगतो, एवढेच आज बोलू.

आधी काय मोजायचे ते समजून घेऊ. एका सेकंदाला एका अणूचे विघटन झाले, की त्याला एक बेकरेल म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आय.एस. १०५०० मध्ये, एका लिटरला अल्फा किरणोत्सार ०.१ बेकरेल आणि बीटा किरणोत्सार १ बेकरेल, अशी मर्यादा आहे. अहवालावर हे दोन आकडे मर्यादेच्या आत दिसले, की आपण निर्धास्त होतो. इथेच मेख आहे.

ही चाचणी करताना साधारणपणे पाणी आटवतात आणि भांड्याच्या तळाशी उरलेला क्षार यंत्राखाली ठेवतात. पण जड पाण्याच्या भट्टीतून जो मुख्यत्वे पाण्यात उतरू शकतो, तो ट्रिटियम. हा हायड्रोजनचाच प्रकार. तो पाण्यात विरघळत नाही, तो स्वतःच पाणी होऊन बसतो. पाणी आटवले की वाफेबरोबर तोही उडून जातो. म्हणजे अहवाल खोटा नसतो, पण ट्रिटियम त्यात मोजलेलाच नसतो. उसाची मोळी सोडून नुसती दोरी काट्यावर ठेवावी, तसा हा प्रकार. ट्रिटियमची चाचणी वेगळी असते. पाण्यात एक चमकणारे द्रव मिसळून अंधारात त्याच्या ठिणग्या मोजतात. ही चाचणी नाव घेऊन मागावी लागते.

ट्रिटियम निम्मा व्हायला सव्वाबारा वर्षे लागतात. पाणी उकळून, गाळून किंवा घरच्या फिल्टरने तो निघत नाही. पण उगाच घाबरायचेही कारण नाही. त्याचे किरण दुबळे असतात आणि पोटात गेलेला ट्रिटियम साधारण दहा दिवसांत निम्मा बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १०,००० बेकरेल आहे, कॅनडाची ७,०००, अमेरिकेची ७४०. युरोपात १०० चा आकडा ओलांडला की चौकशी करायची, असा दंडक आहे. पाणी तेच, माणसाचे पोटही तेच, पण आकडे इतके वेगळे. म्हणून नुसते 'मर्यादेच्या आत' हे उत्तर पुरत नाही. आकडा किती आणि मर्यादा कोणाची, हे दोन्ही विचारायचे.

आता मोजल्याने काय होते ते पाहा. काळी नदीच्या काठी कैगा येथे नोव्हेंबर २००९ मध्ये कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियम वाढलेला दिसला. शोध घेतला तेव्हा केंद्राच्या आतल्या पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरमध्ये तो सापडला. कोणी आतल्याच माणसाने खोडसाळपणा केला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तपासणी नियमाने होत होती म्हणून ते उघडकीला आले. कामगारांना जी तपासणी मिळते, तिचा हिशेब कुंपणाबाहेरच्या गावाला का मिळू नये?

अमेरिकेत इलिनॉय राज्यात ब्रेडवूड केंद्राच्या नळातून १९९६ ते २००३ या काळात अनेकदा ट्रिटियमचे पाणी जमिनीत गळले. लोकांना ते कळले २००५ च्या अखेरीस. घरच्या विहिरींत सापडलेला ट्रिटियम तिथल्या मर्यादेच्या खाली होता. तरीही लोक खवळले, कारण इतकी वर्षे कोणी बोलले नव्हते. २००६ साली त्या राज्याने कायदा केला की अशी गळती झाली तर २४ तासांत कळवायचे.

फ्रान्समध्ये चेर्नोबिलनंतर, १९८६ साली, नागरिकांनी स्वतःच्या प्रयोगशाळा काढल्या. त्यांतल्या आक्रो या संस्थेच्या चाचणीत २०१९ साली सोमूर येथे लोआर नदीच्या पाण्यात ३१० बेकरेल ट्रिटियम निघाला. बाटली भरणारे साधे नागरिक होते. सरकारी संस्थेला तिथे पुन्हा मोजणी करावी लागली. त्याच वर्षी आक्रोने सरकारच्याच खुल्या आकड्यांवरून नळाच्या पाण्याचा नकाशा काढला. त्यात एकही आकडा १०० च्या वर नव्हता. तरी पॅरिसमध्ये मोबाइलवर अफवा उठली की नळाचे पाणी पिऊ नका. आकडे सगळ्यांसमोर होते, म्हणून ती खोडून काढता आली.

भावांनो, ही अफवेची गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. उद्या कोणी उठवले की अमुक गावच्या पाण्यात किरणोत्सार आहे, तर त्या गावचे दूध, भाजी, आंबा, मासळी कोण घेईल? गळती खरी असली तर आपण पुराव्याशिवाय भरपाई मागू शकणार नाही. गळती खोटी असली तर आपण पुराव्याशिवाय भाव वाचवू शकणार नाही. दोन्हीकडून मरण आकडे नसणाऱ्याचेच.

आपल्याकडे प्रत्येक केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. म्हणजे यंत्र आहे, जाणकार माणसे आहेत. मागायला आपण गेले पाहिजे. म्हणून चार कामे ठरवू.

एक, ग्रामसभेत ठराव करून आणि २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज देऊन विचारू: आमच्या गावच्या कोणत्या विहिरीचे पाणी, कोणत्या तारखेला घेतले, ट्रिटियम किती निघाला, आणि तुमचे यंत्र कमीत कमी किती मोजू शकते?

दोन, नमुना आपल्यासमोर घ्यायचा. बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट करायचे, तारीख आणि विहिरीचे नाव लिहायचे. एक बाटली त्यांची, दुसरी मोहोरबंद आपली. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

तीन, जिथे भट्टी अजून उभी नाही तिथे आजच मोजून ठेवायचे. बोअरच्या पाण्यात खडकातला युरेनियमही उतरतो. आधीचे किती होते हे लिहिलेले नसले, तर नंतर कोणतेही बोट खडकाकडे दाखवता येते.

चार, आलेला आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचा आणि वहीत उतरवायचा. कमी आला तरी लिहायचा, जास्त आला तरी लिहायचा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या पिण्याच्या विहिरींची आणि बोअरची यादी आणावी. सुरुवात त्या यादीपासून करू.