अंदाजपत्रकात राहून गेलेला रकाना
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च हा माझा विषय, वैद्यक नव्हे. तरीही आज एका वैद्यकीय विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण तो माझ्या टेबलावर अंदाजपत्रकाच्या रूपाने आला.

गतवर्षी एक तरुण जोडपे सवलत मागण्यास आले. दात्या स्त्रीचे बीजांड घेऊन करावयाच्या टेस्ट ट्यूब उपचाराचे, अन्यत्र मिळालेले अंदाजपत्रक त्यांच्या हाती होते. पत्नीला टर्नर सिंड्रोम होता. सुमारे दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीत एक एक्स गुणसूत्र पूर्णतः वा अंशतः नसते. तिची बीजांडे लहान वयातच संपत जातात. अनेकींना पाळी येतच नाही, काहींची अकाली थांबते.

त्या कागदावर औषधे, प्रयोगशाळा, भूल असे सारे रकाने होते. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, "हृदयाची तपासणी कोठे आहे?" ती झालीच नव्हती. या स्त्रियांची महाधमनी रुंदावलेली असू शकते आणि गर्भारपणात ती फाटून प्राणावर बेतू शकते. इको व एमआरआय झाल्यावर या भगिनीस गर्भधारणा टाळण्याचा सल्ला द्यावा लागला. त्या एवढेच म्हणाल्या, "निदान सोळाव्या वर्षी झाले; हे तेव्हाच का सांगितले नाही?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. पर्याय मात्र आहेत. काही मुलींत थोडी बीजांडे शिल्लक असतात. वेळीच तपासणी झाल्यास ती गोठवून ठेवता येतात. बीजांडदानाने भारतात पहिले मूल १९९१ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून जन्मास आले. २०२१ च्या कायद्यानुसार दाती २३ ते ३५ वयाची असावी लागते व आयुष्यात एकदाच दान करू शकते. हृदय निर्दोष असेल, तरीही एका वेळी एकच गर्भ रोपावा. जुळ्यांचा भार हृदयास पेलत नाही. गर्भारपण धोक्याचे असल्यास सरोगसीचा मार्ग आहे. वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर त्यात दात्या बीजांडाचा वापर करण्यास फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीने मुभा दिली. आणि दत्तकविधान आहेच. या जोडप्याने तोच मार्ग पत्करून नाव नोंदविले आहे.

विश्वस्तांपुढे माझ्या दोन नम्र विनंत्या आहेत. टर्नरचे निदान झालेल्या प्रत्येक मुलीस व तिच्या पालकांस बालरोग, स्त्रीरोग व हृदयरोग या तिन्ही तज्ज्ञांनी एकत्र बसून, ती सज्ञान होण्यापूर्वीच, सर्व समजावून सांगावे. आणि हृदयतपासणीचा रकाना भरल्याशिवाय आमच्याकडून असे एकही अंदाजपत्रक बाहेर जाऊ नये. पात्र रुग्णांचा तो खर्च निर्धन रुग्ण निधीतून व्हावा.

ताळेबंदात ही रक्कम लहान दिसेल. त्या रकान्यामागे एका स्त्रीचे प्राण आहेत, एवढेच निवेदन करून मी आपली रजा घेतो.