राजीनाम्याच्या आधीचे काम

1913 साली डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील फोर्डच्या कारखान्यात सुमारे 14,000 कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी वर्षभरात 50,000 हून अधिक माणसे भरावी लागली. त्याच वर्षी आलेल्या सरकत्या जोडणी-पट्ट्यावर मोटारी झपाट्याने तयार होऊ लागल्या. पण दिवसभर एकच हालचाल करत राहणे कामगारांना सोसवेना. कसबी कारागिराच्या कसबाला तिथे कामच उरले नव्हते. 5 जानेवारी 1914 रोजी हेन्री फोर्ड यांनी नऊ तासांचा दिवस आठ तासांवर आणला आणि रोजची मिळकत अडीच डॉलरच्या आतून पाच डॉलरवर नेली. कामगार सोडून जाण्याचे प्रमाण, म्हणजे गळती, 1913 मध्ये 370 टक्के होती; ती 1914 मध्ये 54 आणि 1915 मध्ये 16 टक्क्यांवर आली.

ही यशकथा अर्धीच सांगितली जाते. वाढीव रक्कम नफ्यातला वाटा म्हणून मिळे, आणि त्यासाठी कंपनीचे तपासनीस कामगारांच्या घरी जाऊन त्यांची राहणी तपासत. माणसे थांबली, पण काम होते तसेच राहिले.

माणूस नोकरीत का थांबतो आणि काम मन लावून का करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींतून 1959 मध्ये हा भेद मांडला. पगार, धोरणे, वरिष्ठांची वागणूक यांत बिघाड झाला की नाराजी वाढते. समाधान येते ते कामातले यश, दाद आणि जबाबदारी यांतून. यशाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि दोष परिस्थितीला देतो, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. तरीही गुणी माणसांना हा भेद सर्वाधिक लागू पडतो, कारण पगार त्यांना दुसरीकडेही मिळतो.

कोविडनंतर मागणी वाढली तेव्हा भारतीय आयटी क्षेत्राने हेच अनुभवले. जून 2022 अखेरच्या बारा महिन्यांत इन्फोसिसमधील गळती 28.4 टक्के होती. अशा वेळी राजीनामा आल्यावर पगार वाढवून देणे सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक असते. न मागता निष्ठेने राहिलेल्यांना त्यातून कळते, की इथे किंमत राजीनाम्याला आहे.

आज पदवी घेणाऱ्या स्नातकांपैकी जे एचआर विभागात जातील, त्यांचे खरे काम राजीनाम्याच्या कितीतरी आधी सुरू होते. एक्झिट इंटरव्ह्यूत विचारले जाणारे प्रश्न माणूस कामावर असतानाच विचारायचे असतात. उत्तम अभियंत्याला बढतीसाठी मॅनेजर व्हावे लागू नये, म्हणून तांत्रिक पदांची वेगळी शिडी हवी, आणि तिच्यावरचा पगार व मान व्यवस्थापकाच्या तोडीचा हवा. नव्या संधी आधी आतल्या माणसांना दाखवायला हव्यात. एका विभागाचा प्रमुख आपला माणूस सोडत नाही, म्हणून तो माणूस कंपनीच सोडतो. टीममधून चांगली माणसे वारंवार जात असतील, तर त्या टीमच्या प्रमुखाच्या मूल्यमापनात ते दिसले पाहिजे. आणि जो जातोच, त्याचा हिशेब व अनुभवपत्र वेळेवर द्यावे. परतीची वाट त्याला मोकळी राहते.