पटावरची नावं आणि पाड्यावरची शाळा



आज बचतीचा, कर्जाचा हिशेब बाजूला ठेवू. आज शाळेच्या पटाचा हिशेब करायचा आहे. हजेरीपटावर किती नावं आहेत, यावर आपल्या पाड्यावरची, तांड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा राहणार की जाणार, असा प्रश्न आता उभा राहिला आहे. चोपडा-यावलकडचे पाडे घ्या, चाळीसगावचे तांडे घ्या, नाहीतर तिकडे साक्री-शिरपूर घ्या. बैठकीत कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, शाळा बंद व्हयनी ते आमना पोरेस्नं काय व्हई?"

ही भीती उगाच नाही. डिसेंबर 2017 मध्ये राज्य सरकारने पट 10 च्या आत असलेल्या 1,314 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचं ठरवलं होतं. 2022 च्या सप्टेंबरात 20 पर्यंत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली गेली. अशा शाळा राज्यात 15 हजारांच्या आसपास निघाल्या आणि त्यांत शिकणारी मुलं होती पावणेदोन लाखांच्या वर. 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं, त्यात 'समूह शाळा' हा शब्द आला. लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची, असा त्याचा अर्थ. उदाहरणं दिली पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची आणि आपल्या शेजारच्या नंदुरबारातल्या तोरणमाळची. मग 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले. म्हणजे शाळेला कुलूप न लावताही शिक्षक कमी होऊ शकतो, आणि शिक्षक गेला की शाळा आपोआप ओस पडते.

आता दुसरी बाजूही ऐकू. अधिकारी म्हणतात, चार वर्गांत मिळून सहा मुलं आणि एकच गुरुजी, यात मुलांना खेळायला सोबती नाही, स्पर्धा नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, ग्रंथालय असेल, विषयाला शिक्षक असेल. हे म्हणणं अगदीच खोटं नाही. एकटे गुरुजी मीटिंगला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की त्या दिवशी शाळा कशी चालते, हे आपण पाहतोच.

पण मैत्रिणींनो, त्या मोठ्या शाळेपर्यंत जायचं कसं? कागदावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर सारखं नसतं. नकाशावर दोन किलोमीटर दिसतात, मधे नाला असतो. आषाढ-श्रावणात त्याला पूर आला की मोठी माणसं अलीकडे थांबतात, तिथे सहा वर्षांचं लेकरू काय करणार? मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत आहे, पण तो पाचवीपासून पुढे. आणि ज्या पाड्यावर एस.टी.च येत नाही, तिथे पास घेऊन करायचं काय? कापूस वेचणीला सकाळी सातला निघणारी आई लेकराला रोज दूरच्या शाळेत सोडायला जाईल की मजुरी करेल? अशा घरात पहिल्यांदा थांबते ती मुलगी. "धाकट्याला सांभाळ, पुढच्या वर्षी बघू" म्हणतात, आणि पुढचं वर्ष येत नाही.

2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात दरेवाडीच्या मुलांनी काय केलं, हे पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचलं असेल. शाळा बंद झाली म्हणून ती मुलं आई-बापांसह शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली. त्यांचं मागणं सरळ होतं. आमची दप्तरं परत घ्या आणि त्याबदल्यात शेळ्या द्या, म्हणजे आम्ही त्या राखू. शाळा गेली तर मुलांच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी मोठ्यांपेक्षा नेमकं सांगितलं.

कायदा आपल्या बाजूने काय सांगतो? शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत हवी. जिथे शाळा देता येत नाही, तिथे वाहतुकीची किंवा राहण्याची सोय करायची जबाबदारी शासनाची आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. तुमच्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? बऱ्याचदा त्यांची सही घरी येऊन घेतली जाते आणि बैठक कधी झाली ते त्यांना कळतही नाही.

मग गटाने काय करायचं? चार कामं सांगते, वहीत लिहून घ्या.

पहिलं, पट मोजा. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या 6 ते 14 वयाच्या मुलांची यादी करावी. शाळेची पटसंख्या 30 सप्टेंबरची धरतात आणि आता आधार जुळलेली मुलंच मोजली जातात. नावात, जन्मतारखेत चूक असेल तर लेकरू वर्गात बसलेलं असूनही हिशेबात येत नाही. म्हणून आधारची दुरुस्ती जून-जुलैतच करून घ्या.

दुसरं, ऊसतोडीला जाणारी घरं. दिवाळीच्या आसपास जोडपी कारखान्याकडे निघाली की मुलंही गाडीत बसतात. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मुलं आजी-आजोबांजवळ गावातच राहतील अशी सोय होते. त्याची मागणी मुख्याध्यापकांकडे टोळी निघण्याआधी करायची, नंतर नाही.

तिसरं, ठराव. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथे शाळेचा विषय घ्या आणि ठराव ग्रामसभेत मांडा. शाळा व्यवस्थापन समितीचाही ठराव करा. त्यात नुसतं "शाळा बंद करू नये" एवढंच लिहू नका. पुढची शाळा किती लांब, मधे नाला आहे का, रस्ता कसा, गाडी येते का, मुली किती, हे सगळं लिहा. ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आपल्या शाळेबद्दल काय ठरलं हे तोंडी कुणी सांगत नसेल, तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज करता येतो. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

चौथं काम सगळ्यांत अवघड. पट कमी का झाला, हेही विचारायला हवं. दाराशी पिवळी गाडी येते, टाय-बूट मिळतो, म्हणून गटाचं कर्ज काढून लहान मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालणारी घरं कमी नाहीत. आई-बापाला लेकराचं भलंच हवं असतं, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण गावच्या शाळेत शिकवणं चांगलं होत नसेल, तर ते गुरुजींना समोर बसून विचारा. मुलाला वाचता येतं का, भागाकार येतो का, हे महिन्यातून एकदा पाहा. शाळा चांगली असेल तर पट टिकेल. नुसती शाळा वाचवा म्हणून आणि मूल मात्र दुसरीकडे पाठवून चालणार नाही.

आपल्या गटाच्या दशसूत्रीत बचत आहे, परतफेड आहे, तशी शिक्षणाविषयी जागरूकताही आहे. ते सूत्र आपण बैठकीत म्हणतो आणि पुढे जातो. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचं काव्य उरलं ते जवळच्यांनी लिहून ठेवलं म्हणून. तेव्हा बाईच्या वाट्याला शाळा नव्हती. आज ती पाड्यावर आहे, एका खोलीची का होईना.

येत्या बैठकीत कर्जाचा विषय संपला की अर्धा तास शाळेसाठी ठेवा. यादी तिथेच करायला घ्या. आणि समितीत आपल्यापैकी कोण आहे, ते आजच विचारून घ्या.