नवे रूळ, जुने डबे

नागपूरहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गांपैकी एक पांढुर्ण्यावरून इटारसीस जातो, तर दुसरा सौंसरवरून छिंदवाड्यास. पांढुर्ण्याचा मार्ग रुंद रुळांचा. सौंसरचा मात्र २०१५ सालापर्यंत अरुंद होता. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, आणि रुंद मार्गावरील अंतर १६७६ मिलिमीटर. सौंसरचा मार्ग रुंद करावयाचा म्हणजे केवळ लोखंडी पट्ट्या दूर सरकविणे नव्हे. पूल, फलाट, सारेच नव्या मापाचे व्हावे लागते. आणि जुने डबे कितीही धडधाकट असले तरी नव्या रुळांवर त्यांना ठाव राहत नाही.

संगणकाच्या जगात असे रूळबदल वरचेवर होत असतात. कचेरीतील अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून नोंदी, हिशेब व कागदपत्रे पुरविणाऱ्या मुख्य संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरील सर्व कामांना आधार देणारी मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. हिशेबाचा प्रोग्राम, नोंदींचा डेटाबेस, छपाईची सोय हे डबे. ऑपरेटिंग सिस्टिम हे रूळ. या रुळांची डागडुजी निर्माते ठराविक मुदतीपर्यंतच करतात. विंडोज सर्व्हर २०१२ ची नियमित मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. योगायोग असा की, त्याच महिन्यात पांढुर्णा व सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत ३० जून २०२४ रोजी सरली. मुदत संपलेल्या प्रणालीत पुढे भगदाड सापडले तर ते बुजविण्यास सहसा कोणी येत नाही. म्हणून बदल टाळता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की, बदलानंतर जे अडेल ते सोडवावे कसे?

सौंसर परिसरातील शेतकऱ्यांची एखादी सहकारी संस्था डोळ्यांसमोर आणावी. पोळा चार दिवसांवर आला आहे. रविवारी सर्व्हरची प्रणाली बदलली. सोमवारी सकाळी सभासद पैशांसाठी दारात उभे आहेत, आणि पडद्यावर त्यांची नावे धड उमटत नाहीत. अशा वेळी गर्दीच्या दडपणाखाली माणूस जे पहिल्याने करतो, तेच बहुधा चुकीचे असते. तो एक कळ दाबतो, दुसरी मांडणी बदलतो, यंत्र तीनदा बंद करून चालू करतो. आणि तासाभराने मूळचा बिघाड कोणता व आपण त्यात घातलेली भर कोणती, हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही.

म्हणून या कामातील पहिले साधन म्हणजे वही आणि लेखणी. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरून घ्यावा. तो केव्हापासून येतो, सर्वांना येतो की एकालाच, हे लिहावे. एकाच संगणकावर अडत असेल तर दोष बहुधा त्या संगणकात. सर्वांवर अडत असेल तर सर्व्हरमध्ये किंवा वाटेत. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा, आणि तो न झाल्यास ती पूर्ववत करून पुढे जावे. वैद्य एकाच दिवशी चार औषधे देत नाही, ते याच कारणासाठी.

यानंतर तपासाचा क्रम पायापासून वर जातो. सर्व्हर नेटवर्कवर आहे काय, हे आधी पाहावे. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डांना नावे देण्याची रीत २०१३ च्या सुमारास बदलली. जुन्या नावापुढे लिहून ठेवलेला पत्ता नव्या नावाच्या कार्डास लागू होत नाही. तार जागेवर असते, दिवा लुकलुकत असतो, आणि तरीही यंत्र मुके राहते. पुढे डिस्कवर जागा उरली आहे काय, ते तपासावे. प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांनी जागा व्यापल्यामुळे नव्या प्रणालीचा श्वास कोंडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मग हिशेबाची व डेटाबेसची सेवा सुरू झाली आहे काय, हे पाहावे. झाली नसल्यास तिचे कारण लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतःच लिहिलेल्या रोजनिशीत, बहुधा नोंदलेले असते. पण ही रोजनिशी उघडण्याआधीच तर्क लढविणारे फार.

कित्येकदा सेवा सुरू असते, परंतु तिचे नियम बदललेले असतात. प्रणाली बदलताना जुनी मांडणी ठेवावयाची की नवी घ्यावयाची, असा प्रश्न यंत्र विचारते, आणि घाईत कोणतेतरी उत्तर दिले जाते. अशा वेळी जुनी व नवी मांडणी शेजारी ठेवून ओळीशी ओळ ताडून पाहावी. फरक सापडला की बिघाडाचे निम्मे निदान झाले.

काही अडचणी बिघाड नसतातच. तो नव्या रुळांचा नकार असतो. संस्थेतील एखादा विंडोज एक्सपीचा संगणक फायली मागण्यासाठी एसएमबीची पहिली, जुनाट पद्धत वापरतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने याच पद्धतीतील दोषातून शिरून जगभरच्या संगणकांवर घाला घातला. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये ही पद्धत मुळातच बसविलेली नसते. यास्तव जुना संगणक दार ठोठावतो व आतून उत्तर येत नाही. ती पद्धत पुन्हा चालू करता येते, आणि काम अडले की तोच मोह होतो. एका जुन्या डब्यासाठी रूळ पुन्हा अरुंद करण्यासारखेच ते आहे. पहारा देणारी फायरवॉल सबंध बंद करून ‘आता चालले’ म्हणणे हेही त्याच जातीचे. हवे ते एकच दार उघडावे. भिंत पाडू नये.

आता पडद्यावरच्या त्या नावांकडे वळले पाहिजे. कारण पांढुर्णा-सौंसरच्या माणसास खरा घोर त्यांचाच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले व हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरातील बोली मराठी व कचेरीतील दप्तर हिंदी, अशी येथील रीत झाली. हिंदी लेखणीस ळ या अक्षराची सवय नाही; म्हणून घरचा ‘कोहळे’ कागदावर ‘कोहले’ होतो, आणि ‘काळे’ ‘काले’ होतो. दोन कागदांवर दोन रूपे आली की, तो माणूस एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच येऊन पडतो. ज्याने खटपट करून आपला ळ दप्तरात लिहवून घेतला, त्याचे अक्षर रूळबदलात हरवता कामा नये.

पडद्यावर नाव बिघडते ते निरनिराळ्या तऱ्हांनी, आणि प्रत्येक तऱ्हेचा अर्थ वेगळा. नावाच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर बहुधा कृतिदेवासारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. तेथे साठविलेली असतात रोमन अक्षरेच. फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवितो. नव्या प्रणालीत तो फॉन्ट बसविला की नाव परत दिसते. दुसरी तऱ्हा म्हणजे एकेका अक्षरामागे तीन-तीन विचित्र चिन्हे दिसणे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइट जागा घेते. डेटाबेस ते तीन बाइट तीन स्वतंत्र रोमन चिन्हे म्हणून वाचू लागला, म्हणजे हा गोंधळ उडतो. येथेही मजकूर शाबूत असतो. वाचणारा चुकलेला असतो. तिसरी तऱ्हा प्रश्नचिन्हांची, आणि ती गंभीर. जी लिपी आपल्या संचात नाही तिच्या अक्षराऐवजी यंत्र प्रश्नचिन्ह मांडते. ते केवळ पडद्यावर असेल तोवर चिंता नाही. पण कोणी तो मजकूर तसाच जतन केला, तर मूळ अक्षर पुसले जाऊन प्रश्नचिन्हच दप्तरात बसते. मग ते प्रश्नचिन्ह पूर्वी ळ होते की ल, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

म्हणून नावे बिघडलेली दिसताच पहिला हुकूम एकच असावा: कोणीही काही जतन करू नये. कारकुनाने सद्भावनेने नावे पुन्हा टंकित करण्यास बसू नये. वाचण्याची पद्धत आधी दुरुस्त व्हावी. जुन्या फॉन्टमधील मजकूर कायमचा युनिकोडमध्ये न्यावयाचा असेल, तर तो मूळ फायलीवर नव्हे, प्रतीवर न्यावा. आणि मराठी जाणणाऱ्या माणसाने ळ व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

आणि काहीच जमले नाही तर? तर माघार घ्यावी. तीत कमीपणा नाही. मात्र तिची तयारी बदलाच्या आधी झालेली असली पाहिजे. राखीव प्रत घेतली आहे एवढे पुरत नाही; ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेली हवी. ‘अमुक वाजेपर्यंत काम सुरू झाले नाही, तर जुन्या प्रणालीवर परतावयाचे,’ हे शांत डोक्याने आधीच ठरलेले हवे. परतण्यापूर्वी बदलानंतरच्या नोंदी कागदावर उतरून घ्याव्यात. नाही तर जुन्या प्रतीबरोबर त्या नाहीशा होतात. आणि असा रूळबदल पोळ्याच्या आठवड्यात मुळी काढूच नये.

दाराशी उभ्या असलेल्या शेतकऱ्यास सर्व्हर ठाऊक नसतो, आणि तो ठाऊक असण्याचे कारणही नाही. खिडकीतून त्याचे नाव पुकारले जावे, ते त्याच्या बापाने लावले तसेच असावे, आणि बैलांचा साज घेण्यापुरते पैसे वेळेवर हाती यावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. नव्या रुळांची परीक्षा तेथे, त्या खिडकीशी होते.