पंगतीतील भाकरी
(वार्षिक संमेलनाच्या महिला सत्रात केलेले भाषण)



मुलांना भाकरीची गोडी कशी लावावी, या विषयावर बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आहे. ती शिरसावंद्य मानून उभी राहिले खरी. परंतु प्रथम स्वतःचा अपराध कबूल करते.

गेल्या हिवाळ्यात माझा सात वर्षांचा नातू ताटातील ज्वारीची भाकरी बाजूला सारू लागला. मी तिचे गुण सांगू लागले. ते निमूटपणे ऐकून तो म्हणाला, "आजी, एवढी चांगली आहे, तर पाहुणे आले की तू ती झाकून का ठेवतेस?"

मला उत्तर सुचेना. माझी आईही तेच करीत असे. पाहुण्यांना पोळी, घरच्यांना भाकरी! १९७२ च्या दुष्काळात रेशनवरील तांबड्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांच्या मनात तर भाकरी आणि टंचाई यांची गाठच बसली.

वस्तुतः या धान्यांत उणे काय आहे? १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते १० च्या आसपास. मैदा करताना गव्हाचा कोंडा व अंकुर काढून टाकतात; भाकरीच्या पिठात ते टिकून राहतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. मान मिळाला नाही तो आपल्याच पंगतीत.

मुलांच्या तक्रारीतही तथ्य असते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी चिरते. बाजरीचे पीठ तर लवकरच कडवट होते. म्हणून आठवड्यापुरतेच दळून आणावे. मुलासाठी तळहाताएवढी भाकरी थापावी, तव्यावरून थेट ताटात वाढावी आणि वर लोण्याचा गोळा ठेवावा. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी मुले मागून खातात, कारण त्या दिवशी ती सर्वांच्याच ताटात असते. वडिलांनी स्वतः पोळी मागून मुलाला भाकरीचा उपदेश करू नये.

मंडळाला माझी एकच नम्र विनंती आहे. पुढील वर्षीच्या स्नेहभोजनात पुरीबरोबर भाकरीही वाढावी, आणि ती प्रथम अध्यक्षमहाराजांच्या ताटात पडावी! माझ्या घरी टोपलीवरचे झाकण मी काढले आहे. नातू तूर्त अर्धीच भाकरी खातो. पण पाहुण्यांना मात्र स्वतः वाढतो.