धुराची ठेव

ठेव हा शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा. बँकेतली ठेव असते, तशी कुणी विश्वासाने हाती सोपवलेली वस्तूही ठेवच. आमच्या घरात तिला अमानत म्हणतात. ठेव मोठी असली की सांभाळणाऱ्याची पत आधी पाहावी लागते. आज बोलायचे आहे ते धुराच्या ठेवीबद्दल.

कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा करायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली खोल, सच्छिद्र खडकात सोडायचा. वर न झिरपणाऱ्या खडकाचे झाकण असते. कल्पना एवढीच. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर या वायुक्षेत्रात १९९६ पासून हे काम सुरू झाले. तिथल्या नैसर्गिक वायूतून हा नको असलेला वायू काढावाच लागे. तो हवेत सोडला तर १९९१ पासून लागू झालेला कर भरावा लागणार होता. पुरणे परवडले, म्हणून पुरले. वर्षाला सुमारे १० लाख टन, समुद्रतळाच्या खाली.

हे पाहून सरकारे पुढे सरसावली. २००३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांचा एक मंच स्थापन झाला. भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. त्याच वर्षी अमेरिकेने ‘फ्यूचरजेन’ हे कोळशावरचे, पण धूर जमिनीत पुरणारे वीजकेंद्र जाहीर केले. २००६ मध्ये भारतही त्यात सामील झाला. खर्च वाढला, तेव्हा २००८ मध्ये अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला. पुढे योजनेला नवे रूप दिले आणि २०१५ मध्ये तिचा निधी थांबवला. केंद्र कधी उभे राहिलेच नाही.

२००८ मध्येच जपानमधील होक्काइदो येथे जी-८ देशांनी असे २० मोठे प्रकल्प २०१० पर्यंत जाहीर व्हावेत, असा ठराव केला. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यासाठी जागतिक संस्था काढली. ब्रिटनने १०० कोटी पौंडांची स्पर्धा लावली आणि २०१५ मध्ये ती रद्द केली.

असे का व्हावे? वीजकेंद्रात वायू पकडायला त्याच केंद्राची बरीच ऊर्जा खर्ची पडते. आणि धूर फुकटात सोडता येत असेल, तर तो पैसे मोजून कोण पुरणार? स्लाइपनरमागे कराचा हिशेब होता. ठरावांमागे तो नव्हता.

तरी ही विद्या टाकाऊ नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच हा वायू निघतो. इंधन बदलून तो थांबत नाही. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला वायू जहाजाने नेऊन २०२५ मध्ये समुद्रतळाखाली सोडायला सुरुवात झाली. त्या योजनेच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलला.

आता राखणीचा प्रश्न. युरोपच्या २००९ च्या कायद्यानुसार साठा बंद झाल्यावर साधारण किमान २० वर्षे जबाबदारी कंपनीची, नंतर ती सरकारकडे जाते. ठेव मात्र हजारो वर्षे जागची हलता कामा नये. म्हणून नवी घोषणा कानावर आली की प्रत्येकाने दोन गोष्टी विचाराव्यात: पैसे कोण भरणार, आणि कंपनी निघून गेल्यावर पहारा कोण देणार? ज्यांच्या पायाखाली ही अमानत राहणार, ती माणसे अजून जन्मायची आहेत. त्यांच्या वतीने विचारायला आज आपणच आहोत.