नाचातला जोडीदार



वेदान्त आणि अर्थकारण यांच्या पंगतीला हा सिनेमातला नाच कुठून येऊन बसला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पण तमाशाच्या या मुलखात नाचाबद्दल बोलायचे नाही, तर कुठे बोलायचे?

अमेरिकन बोलपटांतील फ्रेड ॲस्टेअर आणि जिंजर रॉजर्स ही जोडी जगप्रसिद्ध आहे. १९३३ ते १९४९ या काळात त्यांनी दहा चित्रपट एकत्र केले. नाचणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि मध्ये कापाकापी होता कामा नये, हा ॲस्टेअरचा हट्ट. १९३६ सालच्या ‘स्विंग टाइम’मधील एका नृत्याचे चित्रण चाळीसहून अधिक वेळा करावे लागले आणि जिंजरच्या पायांतून रक्त आले. तरी जोडीचे नाव घेताना आपण फ्रेडपासूनच सुरुवात करतो. आत्ता मीही तेच केले!

आपल्याकडे अशी जोडी शोधू गेले, तर अडचण येते. लावणीत बाई नाचते ती प्रेक्षकांकडे तोंड करून. तिच्या पायांना जाब देते ती ढोलकी. पुरुष असतो तो शाहीर, नाही तर सोंगाड्या. पठ्ठे बापूराव जन्मले रेठरे हरणाक्षला, जे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगली जिल्ह्यात आहे. ब्राह्मण घरातला हा कवी आणि महार समाजातील पवळा यांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. शब्द त्यांचे, पाय तिचे. बापूरावांनी जातीबाहेर पडून केवढे सोसले, हे आपण आवर्जून सांगतो. पवळाने काय सोसले, ते सांगणारे थोडे.

चित्रपटात आल्यावर हा प्रश्न संध्याबाईंच्या वाट्याला आला. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त त्या पडद्यावर आल्या, तेव्हा नृत्याचे शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. आणि १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’साठी व्ही. शांताराम यांनी त्यांना उभे केले ते गोपीकृष्णांसमोर! बनारसच्या कथकाच्या घराण्यात वाढलेला हा तरुण चित्रपटाचा नायकही होता आणि संध्याबाईंचा शिक्षकही. कथासुद्धा जोडीदाराचीच आहे. नायकाची साधना ढळते आहे असे त्याच्या वडिलांना वाटते आणि बाजूला व्हावे लागते ते नायिकेला. संध्याबाईंच्या हावभावांना हसणारे पुष्कळ आहेत. तो अभिनय मलाही कित्येक ठिकाणी ठसठशीत वाटतो. पण जन्मभर नाचलेल्या माणसाच्या शेजारी उभे राहायचे, तेही आत्ताच शिकलेल्या पायांनी, याला छातीच लागते.

चार वर्षांनी, १९५९ च्या ‘नवरंग’मध्ये, त्यांना जोडीदारच उरला नाही. होळीच्या नाचात पाठीमागे पुरुषाचा मुखवटा बांधलेला. वळल्या की तो, फिरल्या की ती. छेड काढणाराही त्यांच्याच अंगात आणि त्याला झिडकारणारीही त्यांच्याच. आवाज मात्र दोघांचे, आशाबाई भोसले आणि महेंद्र कपूर यांचे. आशाबाईंचा जन्म सांगली संस्थानातला, हे इथे सांगायला नकोच. त्या नाचात हत्तीसुद्धा आहे; पण लक्ष जाते ते त्या मुखवट्याकडे. आपल्या पडद्यावर मला तरी ही सर्वांत चांगली जोडी वाटते.

तिसरा जोडीदार साताऱ्याचा. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ साली साताऱ्यात झाला. १९७२ च्या ‘पिंजरा’त ते आदर्श मास्तर झाले. मुळात ही १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन बोलपटाची कथा; पण शांतारामांनी ती तमाशाच्या फडात अशी रुजवली की परकी वाटत नाही. लागूंच्या पायांत घुंगरू नाहीत. मास्तर फडाबरोबर फिरतो, स्वतःचे नावगाव हरवून बसतो. नाचायचे सारे काम बाईचे.

संध्याबाई २०२५ साली गेल्या. ‘पिंजरा’ पुन्हा पाहाल तेव्हा मास्तरांवरून थोडी नजर काढा आणि तिच्या पायांकडे पाहा. अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे, येथेच थांबतो.